मिस्त्रींचा सोनटक्का

शेळके मिस्त्रींना बसलेलं मी अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत आमची कंपनी. मी स्टोअरमध्ये आणि ते मेंटेनन्सला फिटर. शिवाय बोल्हेगावात आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. त्यामुळे दिवसाचे आठ तास कंपनीत आणि उरलेले भिंतीपलीकडे हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर असायचा, आणि कायम चालताना असायचा. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये ते ताट हातात धरून उभ्याने जेवत. घास तोंडात आणि नजर वर पंख्याकडे. "ह्याचा आवाज बदललाय. ऐकू येतंय का तुमाला?" समोरच्याला काही ऐकू यायचं नाही. आठ दिवसांनी पंखा बंद पडायचा.

"बसलं का गंज चढतो," असं ते म्हणायचे. कुणी खुर्ची पुढे केली की हमखास म्हणायचे. कुणाच्या लग्नात गेले तर मांडवात न बसता आचाऱ्याच्या शेगडीचा बर्नर साफ करून यायचे. पँटच्या उजव्या खिशात कायम दहा-अकराचा पाना, म्हणून तो खिसा कायम फाटलेला. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तो शिवून शिवून थकल्या आणि शेवटी त्यांनी आतून जीन्सचं कापड लावलं.

हात मात्र सोन्याचा होता. मशीन बंद पडलं की मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. डॉक्टर छाती तपासतो तसं. मग स्टोअरच्या खिडकीशी येऊन सांगत, "ताई, मागच्या बाजूचं बेअरिंग द्या." मशीन अजून उघडलेलंही नसायचं. उघडल्यावर तेच बेअरिंग गेलेलं निघायचं.

पण एक खोड होती. चालू असलेली गोष्ट त्यांना बघवत नसे. एकदा माझा मिक्सर त्यांनी पंधरा मिनिटांत नीट करून दिला. तीन दिवसांनी संध्याकाळी पुन्हा दारात उभे.

"चालतोय ना?"

"छान चालतोय."

"उघडून बघू का?"

"अहो मिस्त्री, चालतोय म्हणते ना."

"तेच तर म्हन्तो. चालतोय तवरच बघावं."

आणि बघितला. त्यानंतर तो मिक्सर कधीच धड चालला नाही. कंपनीत तर प्रॉडक्शनच्या साहेबांनी कागदावर लिहून नोटीस लावली होती, की शेळके यांनी फक्त बंद पडलेल्या मशीनलाच हात लावावा. मिस्त्रींनी ती नोटीस वाचली, तिचा एक खिळा सैल होता तो ठोकून पक्का केला, आणि पुढे गेले.

हे सगळं ऐकताना गंमत वाटते. घरात राहणाऱ्याला ती गंमत नव्हती. मिस्त्री मूळचे पारनेर तालुक्यातले, कोरडवाहू भागातले. सुमनवहिनी त्याच जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या, अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या, राजूरच्याही पुढच्या. लग्न झाल्यापासून वहिनींनी नऊ बिऱ्हाडं केली होती. कधी कंपनी बदलली म्हणून, कधी खोलीत वारा येत नाही म्हणून, आणि एकदा तर, वहिनींच्याच शब्दांत, "काय बी कारन नव्हतं, ह्यांना कटाळा आला म्हनून." बोल्हेगावचं घर हे दहावं आणि स्वतःचं. घर बदलता येईना तेव्हा मिस्त्री घरातल्या वस्तू हलवू लागले. मी कामावरून येताना भिंतीपलीकडे कपाट सरकवल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ वहिनींचा, "आता पुन्हा कुटं न्हेताय त्याला?" त्या आवाजात राग नसायचा. थकवा असायचा.

एका उन्हाळ्याच्या शेवटी वहिनींची आई गेली. वहिनी माहेरी गेल्या आणि चौदाव्यानंतर परत आल्या. रिक्षातून उतरताना त्यांच्या एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटाचं एक गाठोडं होतं. त्यातून तांबडं पाणी ठिबकत होतं. मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्या ओट्यावर बसून गाठोडं सोडत होत्या. आत आल्यासारखे जाड, गाठी-गाठींचे कंद, चिखल लागलेले. सात तुकडे.

"सोनटक्का हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या परसात मोरीच्या तोंडाला हुता. आईनं लावलेला. भावानं जुनं घर पाडलं, आता स्लॅबचं बांधतोय. परसात शिमिट ओतायचं म्हनला. म्या म्हनलं, थांब दोन घटका, आन् खुरपं घेऊन बसले."

एवढंच. आईची एखादी साडी, एखादं भांडं त्यांनी आणलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "साड्या वैन्यांनी वाटून घेतल्या. ह्ये कुनाला नको हुतं."

सोनटक्का मी पाहिलेला होता. पण आमच्या नगरकडे तो येईल असं मला वाटलं नाही. ज्याचे पाय ओल्यात हवेत आणि डोक्यावर ऊन कमी हवं, ते झाड आमच्याकडच्या मुरमाड जमिनीत, वैशाखातल्या झळांत आणि तीन दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यावर कसं जगायचं? वहिनी तसं काही बोलल्या नाहीत. बोलले मिस्त्री.

"तू बघच. ह्या पावसाळ्यात फूल दावतो तुला."

त्याच दुपारी त्यांनी पुढच्या अंगणात, जिथे दिवसभर ऊन, तिथे सात खड्डे घेतले. वीतभर खोल. ओळ अशी सरळ, जणू मशीनचे फाउंडेशन बोल्ट बसवायचे आहेत. वहिनी म्हणाल्या, एवढं खोल नको, कंद आडवा ठेवायचा आणि वरून जरा माती लोटायची. मिस्त्री म्हणाले, "वाऱ्यानं हालंल ना मग."

चौथ्या दिवशी सकाळी मी दात घासत भिंतीशी आले तर मिस्त्री उकिडवे होऊन एक कंद उकरत होते. उचलून त्यांनी तो उलटा-सुलटा पाहिला, फुंकर मारली आणि पुन्हा पुरला.

"काय बघताय?"

"फुटलाय का त्ये."

"चार दिवसांत?"

"आतून काय चाललंय कळाया नको?"

आठव्या दिवशी पुन्हा. बाराव्या दिवशी एका कंदाला खरोखरच कोंब आला होता, पांढरा, टोकाला गुलाबी. उकरताना तो मोडला. मिस्त्रींनी तो तळहातावर घेतला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यानंतर त्यांनी ठरवलं की जागाच चुकली. सगळे कंद पूर्वेच्या बाजूला नेले. तिथे पाणी साचून दोन कुजले. मग मागच्या बाजूला, मग पुन्हा पुढे, कुंडीत. कुंडीतला वाळला, आणि कोंब मोडलेला कंद पुन्हा फुटलाच नाही. आषाढ संपेपर्यंत साताचे तीन उरले होते.

ज्या दिवशी ते चौथ्यांदा फावडं घेऊन निघाले त्या दिवशीचा आवाज आमच्या सगळ्या गल्लीनं ऐकला. सुमनवहिनींचा एवढा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

"ठिवा त्ये खाली! ठिवा म्हनते ना! तुमचा हात लागला का जितं ऱ्हात न्हाई काय. नऊ घरं केली तुमच्या मागं. एका बी घरात तुळस दोन दिवाळ्या पाहिली न्हाई म्या. येवढं तरी ऱ्हाऊ द्या माझ्या आईचं!"

मिस्त्रींच्या हातात फावडं तसंच. वहिनींनी ते हिसकावून घेतलं नाही. त्या उरलेले तीन तुकडे पदरात घेऊन मागच्या दाराशी गेल्या. तिथे मोरीचा पाइप बाहेर येत होता आणि भिंतीमुळे दुपारनंतर सावली पडायची. तिथे त्यांनी हातानेच माती सारखी केली, तीन तुकडे आडवे ठेवले, वर बोटभर माती लोटली आणि भोवती विटांचं गोल रिंगण केलं.

"ह्या विटांच्या आत तुमी पाय टाकायचा न्हाई. हात बी न्हाई."

"किती दिवस?"

"कळंल तवा सांगंन."

मिस्त्रींनी खिशातला पाना काढला, परत ठेवला. मग सायकल काढून कुठेतरी निघून गेले आणि अंधार पडायला परत आले.

पुढचे पंधरा दिवस त्या माणसाचे हाल मी पाहिले आहेत. रिंगणाभोवती फिरायचे. सकाळी कामावर निघताना एक चक्कर, आल्यावर चपला न काढता दुसरी. वाकायचे, मागे हात बांधायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. कंपनीत त्या काळात त्यांनी इतकी मशीनं उघडली की साहेबांनी नोटिशीखाली दुसरी नोटीस लावली. एकदा वहिनी दळण आणायला गेलेल्या पाहून ते भिंतीशी आले आणि अगदी हळू म्हणाले,

"ताई, एक काम करता का?"

"काय?"

"मला बंदी हाय. तुमाला न्हाई. तुमी जरा बोट घालून बघा ना."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा असा झाला होता की मी भिंतीवरून उतरले, रिंगणापाशी बसले आणि करंगळीनं माती जराशी बाजूला केली. खाली काहीतरी टोकदार लागलं, पिल्लाच्या चोचीएवढं. माती तशीच लोटून मी उठले.

"आहे."

"हाय?"

"एक तर नक्की आहे. टणक लागलं."

मिस्त्री तडक आत गेले, आणि दोन मिनिटांनी आमच्या गेटच्या कडीला ग्रीस लावायला बाहेर आले. कडी कुरकुरत नव्हती. वहिनींना ही गोष्ट मी आजवर सांगितलेली नाही.

रिंगणाच्या आत जाता येत नव्हतं, म्हणून मिस्त्रींनी रिंगणाच्या बाहेर काम काढलं. पहिला प्रश्न पाण्याचा. मोरीचं साबणाचं पाणी थेट गेलं तर मुळं जळतील, आणि चांगलं पाणी झाडाला घालायला आमच्याकडे कुणाकडेच नव्हतं. त्यांनी भंगारातून एक प्लॅस्टिकचा पिंप आणला. तळाला खडी, वर वाळू, वर कोळसा. मोरीचं पाणी त्यात पडून गाळून खालच्या नळीतून निघे. ती नळी विटांच्या फटीतून रिंगणात सोडलेली. नळीचा हात आत गेला तर चालतं का, असं त्यांनी वहिनींना विचारून घेतलं होतं. पश्चिमेच्या बाजूला हिरवी जाळी ताणली, कारण झळ त्या अंगाने यायची. गावाकडच्या तलावातला गाळ आणि जुनं शेणखत पोत्यात भरून मोटरसायकलवर आणलं आणि वहिनींच्या पायाशी ठेवलं.

"तू टाक. मी बघतो."

"बघा. लांबून."

उन्हाळ्याच्या तोंडाला ओळखीच्या एकाच्या उसाच्या फडातून पाचट आणलं. ते वहिनींनी मातीवर गोधडीसारखं अंथरलं, त्यामुळे ओल टिकली. पहिल्या वर्षी नुसती पानंच आली, हळदीसारखी लांब, आणि फूल आलं नाही. फाल्गुनात पानंही पिवळी पडून झोपली. मिस्त्री माझ्या स्टोअरच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "गेलं, ताई." घरी वहिनी म्हणाल्या, "झोपलंय. झोपलेल्याला हालवत न्हाईत."

मे महिन्यात टँकर पाच दिवसांनी यायला लागला. तेव्हा मी मिस्त्रींना आंघोळीचं पाणीसुद्धा मोजून वापरताना पाहिलं आहे. कंपनीत तोंड धुवायचे ते आपल्या डब्यात धुवायचे आणि ते पाणी झाकण लावून घरी न्यायचे. साहेबांनी विचारलं, शेळके, हे काय? तर म्हणाले, "घरी एक पेशंट हाय."

दुसऱ्या पावसाळ्यात पाचटातून अकरा कोंब वर आले. श्रावणापर्यंत पानं माझ्या छातीला लागू लागली. आणि नेमक्या त्याच वेळी वहिनींना चाकणला जावं लागलं. मुलगा तिकडे कंपनीत, सुनेला दिवस भरत आलेले, तिच्या माहेरी करणारं कुणी नाही. जाताना वहिनींनी मला बाजूला घेतलं. "ताई, ह्यांच्याकडं लक्ष ठिवा. झाडाकडं न्हाई, ह्यांच्याकडं."

वहिनी जाऊन आठ दिवस झाले असतील. सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. मिस्त्री होते. "ताई, या. पळत या."

मला वाटलं माणूस पडला. जाऊन पाहते तर ते रिंगणाच्या बाहेर उभे आणि बोट आत. एका दांड्याच्या शेंड्याला हिरव्या खवल्यांचं, मक्याच्या कोवळ्या कणसासारखं काहीतरी आलं होतं, आणि दोन खवल्यांच्या मधून पांढरी, गुंडाळलेली कळी डोकावत होती.

त्यांनी वहिनींना व्हिडिओ कॉल लावला. फोन ते कळीच्या इतका जवळ नेत होते की पलीकडून वहिनी म्हणाल्या, "आवो, काय बी दिसंना. नीट धरा." शेवटी मी फोन धरला. वहिनींनी फोन डोळ्यांजवळ नेला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"आलं व्हय," त्या म्हणाल्या.

"तू कवा येती?" मिस्त्रींनी विचारलं.

"आता कशी येऊ? आज-उद्याचं हाय हितं. तुमीच बघा."

"वास फोनवर कसा येनार तुला?"

"न्हाई येनार. ऱ्हाऊ द्या. पुढच्या वर्षी यील."

संध्याकाळी पहिलं फूल उमललं. पांढरंशुभ्र, फुलपाखरानं पंख पसरावेत तसं. वास भिंत ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात आला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते फूल मलूल झालं आणि संध्याकाळी शेजारचं उमललं. एकेक दिवस जात होता आणि मिस्त्री कणसातल्या उरलेल्या कळ्या मोजत होते. कंपनीत मला येऊन सांगत, "सात ऱ्हायल्या." दुसऱ्या दिवशी, "पाच." मी म्हटलं, दुसऱ्या दांड्यांनाही येतीलच की. म्हणाले, "पयलं त्ये पयलंच."

चौथ्या की पाचव्या दिवशी मिस्त्री कामावर आले नाहीत. अकरा वर्षांत त्यांनी न सांगता रजा घेतलेली मला आठवत नाही. मी घाबरले. संध्याकाळी घरी आले तर त्यांच्या दाराला कुलूप. रिंगणापाशी पाहिलं. विटांच्या आत, ओल्या मातीत, एका पावलाचा ठसा होता. एकच. आणि दांड्याच्या शेंड्याचं कणीस नव्हतं.

काय झालं ते त्यांनी परत आल्यावर सांगितलं, भिंतीशी उभं राहून, आणि सांगताना भिंतीचा पोपडा नखाने काढत.

सकाळभर रिंगणाभोवती फिरून दुपारी त्यांनी कणीस थोड्या दांड्यासकट कापलं. आज उमलणार अशा दोन कळ्या त्यावर होत्या. ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि वहिनींच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात उभं ठेवलं. झाकण लावलं तर गुदमरेल म्हणून वर जाळीचं कापड बांधलं. आणि पुण्याकडे जाणारी एसटी पकडली.

"गर्दी लई हुती, ताई. एका बाईनं जागा दिली. म्हनलं, उभा ऱ्हायलो तर कुनाचं तरी कोपर लागंल. बसलो. डबा मांडीवर. हाललो न्हाई. मागनं एक गडी म्हनला, काका सरका जरा. म्या म्हनलं, दादा, मला सरकता येत न्हाई. त्याला वाटलं माझा पाय आखडलाय."

शिक्रापूरच्या आसपास आभाळ दाटून आलं. गाडीत अंधारलं आणि तेव्हा, मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे, कळीला वाटलं संध्याकाळ झाली. वास आधी पुढच्या सीटवरच्या म्हातारीला आला. तिनं मान वळवली. मग कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन मागे आला आणि विचारलं, "कुणी अत्तर सांडलं?"

"म्या डबा वर केला, ताई. फडकं सोडून दावलं. सगळी गाडी वाकून बघाया लागली. म्हातारी म्हनली, कुनासाठी चाललंय? म्या म्हनलं, मंडळींसाठी. तर ती हासली आन् म्हनली, तुमच्या वयाला शोभतंय का. म्या म्हनलं, न्हाई शोभत. पन काय करू."

चाकणला पोचले तेव्हा संध्याकाळ खरीच झाली होती. मुलगा दार उघडून बघतच राहिला. वहिनी ओट्याशी भाकरी थापत होत्या. मिस्त्रींनी डबा पुढे धरला. वहिनींनी पिठाचे हात तसेच ठेवून आधी डब्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे.

"तोडलंच ना शेवटी?"

"व्हय."

"आत पाय टाकला?"

"एकच."

"मग काय म्हणाल्या?" मी विचारलं.

मिस्त्री पोपडा काढायचे थांबले. "काय म्हनायचंय. वास घेतला. मग म्हनली, ह्यो आईच्या डोक्याचा वास हाय. तिची आई रोज अंबाड्यात माळायची. मग जराशी रडली. तवा माझ्या पायात चपला दोन जोडांच्या दिसल्या तिला, एक काळी आन् एक तपकिरी, घाईत घातलेल्या. मग रागावली. फूल खोचलं आन् भाकरीला लागली."

दुसऱ्या दिवशी पहाटे सुनेला कळा लागल्या. नात झाली.

त्यानंतरची दोन वर्षं आमच्या गल्लीला भाद्रपदात रोज संध्याकाळी तो वास होता. रिंगणातल्या विटा वहिनींनी दोनदा मागे सरकवल्या, कारण गड्डा पसरत होता. मिस्त्री मात्र तसेच राहिले. बंदी उठवायची का, असं वहिनींनी एकदा हसून विचारलं तर तेच म्हणाले, "नको. मला भरवसा न्हाई माझा." आसपासच्या पाच-सहा घरांना त्यांनी वहिनींच्या हातून कंद देवविले आणि मग त्या घरी जाऊन फेऱ्या मारू लागले. "उकरू नका. म्या उकरून चार घालवलेत," असं सांगताना त्यांचा स्वतःचा हात मातीकडे जायचा. एका घरानं तर ते येताना दिसले की मागच्या अंगणाचं दार लावून घ्यायला सुरुवात केली.

मग मिस्त्री रिटायर झाले. घरात बसणं त्यांना जमणार नव्हतंच. चाकणला नातीला सांभाळायला माणूस हवं होतं, वहिनींचे गुडघे एकटीच्या घरकामाला साथ देत नव्हते, आणि मुलगा रोज फोन करत होता. मला वाटलं होतं की जायची घाई मिस्त्रींना असेल आणि वहिनी नको म्हणतील. झालं उलटं. वहिनींनीच ठरवलं. मिस्त्री आठ दिवस अंगणात येरझाऱ्या घालत होते.

"समदा गड्डा काढून न्यावा म्हन्तो," ते म्हणाले. मी तेव्हा तिथेच होते, वहिनींना भांडी बांधायला मदत करत होते.

"पोराच्या फ्लॅटवर, पाचव्या मजल्यावर?"

"पिंपात लावू."

"आख्खा न्हाई न्यायचा. त्यो आता हितला झाला. हितनं उपटला तर माझ्या भावानं केलं त्येच तुमी केलं." वहिनी हातातलं पातेलं ठेवून उठल्या, खुरपं घेतलं आणि गुडघ्यावर हात ठेवत रिंगणापाशी बसल्या. कडेची माती बाजूला करून त्यांनी गड्ड्याचे दोन तुकडे कापून घेतले, प्रत्येकाला कोंब फुटायचा एकेक डोळा ठेवून. कापलेल्या जागी चुलीतली राख लावली. मग रंगाच्या जुन्या बादलीत गाळाची माती भरली आणि मागे न बघता म्हणाल्या,

"लावा."

"कोन?"

"तुमीच. दुसरं कोन हाय हितं?"

मिस्त्री खाली बसले नाहीत. वाकले. दोन्ही तुकडे आडवे ठेवले, बोटभर माती लोटली, हाताने थोपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"बास," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी हात उचलला.

घर विकत घेतलं ते जामखेडकडच्या एका तरुण जोडप्यानं, दोघंही एमआयडीसीत कामाला. किल्ली देताना मिस्त्रींनी त्यांना घरातलं काहीच दाखवलं नाही, ना मीटर ना टाकी. थेट मागे नेऊन गाळणीचा पिंप, नळी, जाळी आणि पाचट कधी घालायचं ते तासभर सांगितलं. नवरा "व्हय काका, व्हय काका" म्हणत घड्याळ बघत होता. बायको मात्र रिंगणापाशी वाकली आणि तिनं एक पान बोटांनी चोळून हुंगलं. मिस्त्री बोलायचे थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले. मग वहिनींच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "चालंल. हिला जमंल."

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. कपाट, कॉट, गाद्या, ट्रंका असं सगळं मागे रचलं. वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर ती रंगाची बादली. मला म्हणाल्या, "ह्ये अकरावं बिऱ्हाड, ताई. पन ह्ये माझ्या मनानं हाय." मी त्यांचा हात धरला. त्यावर माती होती.

मिस्त्री पुढे बसायला तयार नव्हते. मागे सामानाजवळ चढले. मी हाक मारली, "मिस्त्री, येते हं भेटायला चाकणला." त्यांनी मान हलवली, पण लक्ष नव्हतं. दोरखंडाची गाठ सैल वाटत होती त्यांना. टेम्पो सुटला. गल्लीच्या टोकाला जाऊन थांबला. मिस्त्रींनी केबिनवर थाप मारली होती. खाली उतरले, गाठ सोडली, पुन्हा बांधली, कपाट हलवून बघितलं, चढले. टेम्पो निघाला. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी पुन्हा थाप. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून काहीतरी म्हटलं. मिस्त्रींनी हात वर केला, एक मिनिट, असा, आणि दोरीचं टोक दातात धरून, एक पाय फळीवर आणि एक पाय कपाटावर रोवून, पाठीनं जोर लावून ती ओढत राहिले.

टेम्पो नागापूरच्या रस्त्याला वळला तेव्हाही ते तसेच ओढत होते.